बाटलीतले रोप आणि संजीवकांचे माप



वसंत व्याख्यानमालेत प्राध्यापक येतात, साहित्यिक येतात, डॉक्टर येतात. मी कामगार संघटनेचा कार्यकर्ता. माझी शाळा सातवीत सुटली; पुढचे शिक्षण वाचनालयाच्या बाकावर आणि कामगारांच्या संगतीत झाले. असा माणूस वनस्पतिशास्त्रावर बोलणार, हे पत्रिकेत वाचून काहींना हसू आले असेल. पण ज्या गावाच्या खिंडीत १६७४ साली प्रतापराव गुजर अवघ्या सहा सोबत्यांनिशी शत्रूवर चालून गेले, तिथे धाडसाला कोणी नावे ठेवणार नाही, या भरवशावर मी उभा आहे.

हा विषय मी हौसेने निवडलेला नाही. तो एका चुकीतून माझ्या गळ्यात पडला. ती चूक मी शेवटी सांगणार आहे. आधी विषय समजून घेऊ.

हल्ली लग्नाच्या मांडवात लाल, पिवळी, केशरी, थाळीसारखी गोल फुले आपण पाहतो. ती जरबेराची. हे झाड आपल्या झेंडूच्या आणि सूर्यफुलाच्या कुळातले. मूळचे दक्षिण आफ्रिकेकडचे. त्याचे बी पेरले तर रोप येते, पण आईसारखेच फूल येईल याची हमी नाही. व्यापाऱ्याला तर हजार फुले एका रंगाची, एका मापाची हवीत. कंद फोडून रोपे करावीत, तर वर्षाला मोजकीच मिळतात. म्हणून ऊतिसंवर्धनाचा, म्हणजे टिश्यू कल्चरचा मार्ग निघाला. झाडाचा हरभऱ्याएवढा तुकडा घ्यायचा, तो निर्जंतुक करायचा आणि बाटलीतल्या पोषक थरावर वाढवायचा. एका रोपाची महिन्याला तीन रोपे झाली, तर दहा महिन्यांत हिशेबाने ५९,०४९ रोपे होतात. सावकाराच्या चक्रवाढ व्याजाने होरपळलेल्यांना हे गणित निराळे शिकवायला नको!

त्या बाटलीत काय असते? मुराशिगे आणि स्कूग या दोघा शास्त्रज्ञांनी १९६२ साली बसवलेली कृती आजही जगभर चालते. क्षार, थोडी जीवनसत्त्वे, लिटरला ३० ग्रॅम साखर, आणि थर घट्ट बसावा म्हणून अगर. हे झाले रोपाचे जेवण. पण नुसत्या जेवणाने तुकड्याला काय करावे ते कळत नाही. ते सांगतात संजीवके.

संजीवक म्हणजे झाडाच्या अंगातलाच निरोप्या. एका भागात तयार व्हायचे, दुसऱ्या भागात जाऊन काम सांगायचे. त्यांतली दोन घराणी आपल्या कामाची. पहिले ऑक्झिन, ते मूळ फोडते. दुसरे सायटोकायनिन, ते कोंब फोडते. दुसऱ्याचा शोध तर गमतीचा आहे. नारळाच्या पाण्याने बाटलीतली ऊती वाढते, हे १९४० नंतरच्या दशकात कळले होते. आपल्याकडे शुभकार्यात नारळ ठेवतात. प्रयोगशाळेनेही तोच ठेवला म्हणायचा. पण त्यातले नेमके कोणते द्रव्य हे काम करते? अमेरिकेत विस्कॉन्सिन येथे स्कूग आणि मिलर शोधत होते. हेरिंग माशाच्या वीर्यातून काढलेल्या द्रव्याची एक जुनी बाटली होती, तिने काम केले. ताज्या मालाने केले नाही. ताजा माल वाफेच्या दाबाखाली तापवला, तेव्हा तोही काम करू लागला. त्यातून १९५५ साली कायनेटिन हाती आले.

पुढे १९५७ साली याच दोघांनी तंबाखूच्या ऊतीवर दाखवले की, खरे महत्त्व या दोन संजीवकांच्या प्रमाणाला आहे. ऑक्झिन वरचढ झाले की मुळे, सायटोकायनिन वरचढ झाले की कोंब, आणि दोन्ही मध्यम तोलात असली की नुसता मांसल गोळा. तराजूची दोन पारडीच म्हणा ना! म्हणून जरबेराला आधी सायटोकायनिन जास्त देऊन फुटवे वाढवतात, मग दुसऱ्या बाटलीत ऑक्झिन देऊन मुळे धरवतात, आणि शेवटी हरितगृहात हळूहळू बाहेरच्या हवेची सवय लावतात.

आपल्याच पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. मस्कारेन्हस, डॉ. नाडगौडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली एक नवल जगापुढे मांडले. जो बांबू फुलायला कित्येक वर्षे घेतो आणि बहुधा फुलून मरतो, त्याला त्यांनी बाटलीत काही महिन्यांत फुलवला. त्या पोषक थरात सायटोकायनिन होते आणि नारळाचे पाणीही होते.

आता दुसरी बाजू. हे द्रव्य लिटरला एक-दोन मिलिग्रॅम, एवढेच लागते. एका ग्रॅमचे हजार भाग करा, त्यातले एक-दोन भाग. इतक्याने जे घडते, ते थोडे अधिक पडले की बिघडते. सायटोकायनिन जास्त झाले की कोंबांची गर्दी होते, पण ते खुजे राहतात. पाने फुगून काचेसारखी पारदर्शक होतात, आणि असे रोप बाहेर काढले की उभे राहत नाही. त्याचा परिणाम कुंडीतही मागे लागतो. झाड झुडपासारखे पसरते, पाने उदंड, फूल बेताचे. वर पुन्हापुन्हा वाढवत राहिल्यास मूळ जातीपासून ढळलेली रोपेही निपजतात. म्हणून जाणते लोक ठरावीक फेऱ्यांनंतर नव्या तुकड्यापासून सुरुवात करतात.

येथे माझी गोष्ट येते. काही वर्षांपूर्वी अशाच एका प्रयोगशाळेतल्या बायका आमच्या संघटनेकडे आल्या. नाव मी सांगत नाही. गाळलेल्या स्वच्छ हवेच्या कपाटापुढे दिवसभर बसायचे, एका हातात चिमटा, एका हातात ब्लेड, आणि एकेक फुटवा सोडवून नव्या बाटलीत लावायचा. जगभर गाजलेले हे शास्त्र शेवटी या बोटांवर उभे आहे. आजही रोपाच्या खर्चातला मोठा वाटा या हातकामाचा असतो. त्या हंगामात जरबेराची हजारो रोपे मेली होती. 'तुमच्या हातांच्या अस्वच्छतेने माल गेला' असे म्हणून त्यांच्या पगारातून पैसे कापले होते.

मी तापट माणूस. फाटकावरच्या सभेत बोलून बसलो, 'ही संजीवके विष आहेत, रोपे मारतात, उद्या तुम्हालाही मारतील!' टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी व्यवस्थापकाने चर्चेत एकच प्रश्न केला, 'कोणते संजीवक, किती मात्रेत?' मला उत्तर देता आले नाही. आमच्या बायकांची मान माझ्यामुळे खाली गेली.

बाहेर आल्यावर त्यांतली एक वयस्क बाई म्हणाली, "दादा, विष-बिष काही नाही. ऑर्डर मोठी आली म्हणून मीडियातले औषध वाढवले. रोपे काचेवाणी झाली. आम्ही तेव्हाच बोललो होतो, पण आमचे कोण ऐकतो?"

मग मी वाचनालय गाठले. महिनाभर शब्दकोश उशाला घेऊन वाचले, तेव्हा बाईचे म्हणणे शास्त्राच्या भाषेत मला कळले. अस्वच्छतेने बिघडलेल्या बाटलीत बुरशी दिसते किंवा दुधाळ पाणी दिसते, आणि अशा बाटल्या चुकलेल्या हाताखालीच अधिक सापडतात. येथे बुरशी नव्हती. प्रत्येक बाटलीवर लावणारणीचा क्रमांक, तारीख आणि मीडियाचा क्रमांक होता. आम्ही नोंदवही मागितली आणि ती ओळीने लावली. काचेसारखी झालेली रोपे सगळ्या बायकांच्या हातची होती, पण मीडिया मात्र एकाच मात्रेचा होता. त्याच बायकांनी त्याच आठवड्यात जुन्या मात्रेवर लावलेली रोपे धडधाकट होती. व्यवस्थापकाने वही दोनदा पाहिली. कापलेले पैसे परत मिळाले. आणि बिघाड दिसल्यास लावणाऱ्या बाईनेही वहीत नोंद करायची, असा नियम झाला. पुढच्या फाटक सभेत मी माझे 'विषा'चे विधान जाहीरपणे मागे घेतले. तेव्हा टाळ्या कमी पडल्या, पण त्या रात्री झोप चांगली लागली.

बंधुभगिनींनो, यातून मी दोन गोष्टी शिकलो. एक, कामगाराच्या बाजूने बोलणाऱ्याला न्यायाची चाड असून भागत नाही. माहितीही पक्की लागते. अर्धवट माहितीची घोषणा मालकाच्याच कामी येते. दुसरी, शास्त्र केवळ पदवीधराच्या टेबलावर नसते. रोज शेकडो रोपे डोळ्यांखालून घालणाऱ्या बाईला मिलिग्रॅम ठाऊक नसेल, पण बिघाड प्रथम तिलाच दिसतो. तिचे पाहणे वहीत उतरले, तर शास्त्राचाही फायदा आणि धंद्याचाही.

आपल्या भागातल्या मुलीही आता शिकून अशा कामांना जात आहेत. त्यांना माझे सांगणे आहे, बाटलीवरचा क्रमांक नुसता लिहू नका. तो काय सांगतो ते विचारा. विचारायला लाज नको. मी पन्नाशीत विचारायला शिकलो. तुम्ही विशीतच शिका.