गुण कशाने आला?

(मंदिर जीर्णोद्धार व कलशारोहण समारंभात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



देवळाचे जुने छप्पर उतरवावयाचे ठरले की कामकऱ्यांना पहिली ताकीद दिली जाते ती विंचवाची. कौल उचलताना खाली पाहावे, चिऱ्याच्या फटीत बोटे घालू नयेत, हे कोकणच्या माणसाला शिकवावे लागत नाही. गवताचे भारे, लाकडांची रास, पडवीतले जोडे, विंचू कोठेही निघतो. म्हणून देवाच्या दारी आरोग्याचा विचार करावयाचा, तर तो विंचवापासून करणेच बरे.

गावोगाव विंचू उतरविणारा असतो. कोणी मंत्र घालतो, कोणी मुळी फिरवितो, कोणी चिंचोका घासून दंशावर चिकटवितो. ही मंडळी पुष्कळदा पैसाही घेत नाहीत, रात्री-अपरात्री हाक मारली तरी धावून येतात. त्यांच्या भलेपणाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. बहुतेकांना गुण येतो, हेही खरे. प्रश्न एवढाच आहे की, तो गुण कशाने आला?

विंचवाच्या बहुतेक दंशांत केवळ कळा येतात. त्या असह्य असतात, परंतु काही तासांनी, फार तर दिवसा-दोन दिवसांत, आपोआप ओसरतात. मंत्र घातला तरी ओसरतात, न घातला तरी ओसरतात. म्हणजे येथे यश येते ते शरीराला, आणि श्रेय मिळते ते मांत्रिकाला.

खरा घात होतो तो लाल विंचवाच्या काही दंशांत. माणसाला दरदरून घाम सुटतो, उलट्या होतात, हातपाय गार पडतात. विषाचा परिणाम हृदयावर होतो, फुप्फुसांत पाणी साठते आणि दम लागतो. लहान मुलांना हा धोका अधिक. आणि भुलविणारी गोष्ट अशी की, अशा गंभीर रुग्णांपैकी काहींना दंशाच्या जागी कळा फारशा नसतात. घरची मंडळी म्हणतात, “पोर रडायचे थांबले, विंचू उतरला.” वास्तविक त्याच वेळी विष आत आपले काम करीत असते. तेथे गेलेला एक तास परत मिळत नाही.

रायगड जिल्ह्यात महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६ साली डॉ. हिंमतराव बावस्कर रुजू झाले. विंचूदंशाने माणसे डोळ्यांदेखत दगावत होती. त्या काळी दवाखान्यात जी औषधे दिली जात, तीही अशा रुग्णांना तारीत नव्हती. गंभीर दंशाच्या १०० रुग्णांमागे २५ ते ३० जण दगावत. डॉक्टरांनी रुग्णांच्या उशाशी बसून नोंदी ठेवल्या. धोक्याची पूर्वलक्षणे त्यांनी १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडली. पुढे रक्तदाबावरील प्राझोसिन ही गोळी या विषाच्या परिणामावर चालते, असे त्यांना दिसून आले. ते निष्कर्ष डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांच्यासह १९८६ मध्ये त्याच नियतकालिकात आले. या उपचाराने मृत्यूचे प्रमाण शेकडा एकाच्या आसपास उतरले. २०२२ साली डॉक्टरांना पद्मश्री मिळाली.

यातली घेण्यासारखी गोष्ट अशी की, मंत्राला जो तराजू, तोच डॉक्टरांच्या औषधालाही लागला. जे औषध उपयोगी नव्हते ते दवाखान्यातले असूनही बाजूला पडले. प्राझोसिन लागू पडल्यावरही तपासणी थांबली नाही. महाडला ७० रुग्णांचे ३५-३५ असे दोन गट करण्यात आले. कोणी कोणत्या गटात जावयाचे हे चिठ्ठीप्रमाणे ठरले. एका गटाला केवळ प्राझोसिन, दुसऱ्याला त्याबरोबर विंचवाची प्रतिविष लस. १० तासांत पहिल्या गटातले ८ जण पूर्ण बरे झाले, दुसऱ्यातले ३२. हा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. ‘गुण आला’ म्हणावयाचे ते असे मोजून.

जीर्णोद्धार समितीने वर्गणीची जमा वाचून दाखविली आणि खर्चाची बाजू झाकून ठेवली, तर गाव तो हिशेब मान्य करील काय? मग औषधाच्या बाबतीत केवळ जमेवर विश्वास का ठेवावा? बरे झालेले चारजण गावभर सांगत फिरतात. जो दगावला तो सांगावयास येत नाही. काविळीचे औषध घ्या, मधुमेहाचा काढा घ्या, कोणताही दावा कानी पडला की विचारावे: किती जणांना दिले? किती जणांना गुण आला नाही? ज्यांनी घेतले नाही त्यांचे काय झाले? आणि हे घेताना चालू औषध बंद करावयास कोणी सांगत तर नाही ना?

आपल्या आरोग्याची जबाबदारी घेणे म्हणजे आपणच डॉक्टर होणे नव्हे. प्राझोसिनने रक्तदाब उतरतो, म्हणून ती गोळी घरी मनाने घ्यावयाची नसते. जबाबदारी ती ही: अंथरूण झटकावे, जोडा झटकून घालावा, रात्री विजेरीवाचून बाहेर पडू नये. विंचवावरचे औषध जवळच्या कोणत्या दवाखान्यात मिळते आणि रात्री गाडी कोणाची मिळेल, हे आधीच विचारून ठेवावे. दंशाची वेळ लक्षात ठेवून डॉक्टरांना सांगावी. मुलाला दंश झाला, किंवा घाम, उलटी, गार हातपाय यांपैकी काहीही दिसले, तर कोणाचीही वाट न पाहता निघावे.

यात श्रद्धेचा अवमान नाही. देवाचा अंगारा कपाळी लावण्यास क्षणभर पुरतो. विंचू उतरविणाऱ्यानेही हात जोडून म्हणावे, “आधी दवाखान्यात न्या.” त्याच्या शब्दाला गावात मान आहे, म्हणून त्याच्या या एका वाक्याने जीव वाचेल. देऊळ गावाने उभे केले, प्रत्येक चिऱ्याचा हिशेब ठेवला. आपल्या देहाचा हिशेबही तितक्याच चोखपणे ठेवण्याची बुद्धी ग्रामदैवत सर्वांना देवो.