केळीचा वाण निवडताना पाने मोजा



मृगबाग लावायचे दिवस जवळ आले की भुसावळ, यावल, रावेर भागात एकच प्रश्न ऐकू येतो, "यंदा वाण कोणता लावावा?" आज याचे उत्तर पानांपासून शोधू.

पान म्हणजे झाडाची चूल. सूर्याचे ऊन, हवेतला कर्बवायू आणि मुळांनी ओढलेले पाणी यांपासून ते अन्न तयार करते. हेच अन्न घडात पिठाच्या रूपाने साठते आणि फळ पिकताना त्याची साखर होते. पण ध्यानात ठेवा, केळ निसवली की नवे पान येत नाही. त्या दिवशी झाडावर जेवढी हिरवी पाने, तेवढ्यांवरच पुढचे तीन-चार महिने घड पोसायचा असतो.

आता वाण पाहू. आपली जुनी बसराई ठेंगणी, म्हणून वाऱ्याला टिकते. फळ गोड, पण ते जास्त दिवस टिकत नाही. कडाक्याच्या थंडीत तिचा घड गळ्यातच अडकतो. श्रीमंती ही बसराईतूनच निवडलेली, तिच्यापेक्षा उंच. ग्रँड नैन हे फ्रेंच नाव, अर्थ 'मोठा बुटका'. १९९० नंतर उतिसंवर्धित रोपांमुळे ही जात आपल्याकडे पसरली. हिच्या फण्या सुटसुटीत, केळी लांब आणि एकसारखी, म्हणून दूरच्या बाजाराला चालते. पण मोठा घड भरायला पानेही तशीच धडधाकट लागतात. खत-पाण्याची हयगय झाली तर नुसते नाव काय कामाचे?

वैशाखात दुपारी पानाच्या दोन्ही बाजू खाली मिटलेल्या दिसल्या, की समजा चूल मंद झाली. पाणी वेळेवर द्या. पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या बांधाला शेवरी लावा. गरम वाऱ्याने पानाच्या चिंध्या झाल्या, तर त्याचे काम घटते. करप्याने वाळलेला भाग तेवढाच कापून बागेबाहेर नष्ट करा. निसवलेल्या झाडाची हिरवी पाने मात्र जेवणावळीसाठी देखील तोडू नका. चार पत्रावळींपायी घडाचे वजन कशाला घालवता?

शेजाऱ्याचे ऐकून सगळे शेत एकाच वाणाखाली घालू नका. एकाच जमिनीत, एकाच दिवशी, दोन वाणांच्या दोन-दोन ओळी लावा. खत-पाणी सारखे ठेवा. मग वहीत लिहा : निसवताना हिरवी पाने किती, निसवणीपासून कापणीपर्यंत दिवस किती, घडाचे वजन किती, मधल्या फणीतले केळ किती जाड, आणि पिकल्यावर किती दिवस टिकले. निसवताना दहा-बारा आणि कापणीला निदान सात-आठ हिरवी पाने राखणारा वाण तुमच्या जमिनीला मानवला असे समजा. त्यातही ज्याचे फळ भरदार आणि टिकाऊ निघेल, तोच पुढच्या बागेला घ्या.

वाणाचे नाव दुकानदार सांगेल, पण त्याची पारख तुमच्याच बागेत होईल. नमस्कार!