युद्धानंतरची आमची कापडपेठ
(सुवर्णमहोत्सवी मेळाव्यातील भाषण)



१९६२ च्या ऑक्टोबरात चीनने आक्रमण केले आणि महिन्याभरात ते युद्ध थांबले. मात्र त्याचे परिणाम आपल्या नाशिकपर्यंत पोहोचले. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले. १९६३ मध्ये ते नाशिकमधून लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले आणि १९६४ मध्ये ओझरला मिग विमानांच्या कारखान्याची स्थापना झाली. पुढे सातपूर आणि अंबड येथे औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या.

कापडपेठेतील आमच्या दुकानाचा व्यवहार तोवर हंगामावर चाले. शेतकरी लग्नसराईत कापड नेई आणि पीक विकल्यावर पैसे देई. वडिलांच्या वहीत वायद्याच्या रकान्यात तारीख नसे. 'कांद्यावर', 'बाजरीवर' असे लिहिलेले असे! कारखान्यातील कामगार मात्र पगार होताच रोख मोजू लागला. त्याला धोतरजोडी नको होती, टेरिकॉटचा पॅन्टपीस हवा होता. परप्रांतांतून आलेल्या कुटुंबांसाठी वडिलांनी मुंडूदेखील मागवले. व्यापार वाढला. आपल्या संस्थेच्या आरंभीच्या देणग्यांमध्येही या पगारदार ग्राहकाचा अप्रत्यक्ष वाटा आहे, हे आज नमूद केले पाहिजे.

बी.कॉम. होऊन मी १९८२ मध्ये गादीवर बसलो. नाशिकची महानगरपालिका झाली, तेच हे वर्ष. हिशेबाचे नवे ज्ञान अंगात होते, म्हणून पहिला नियम केला : नोकरदारास उधारी नाही. अंबडकडील एक वृद्ध शेतकरी आमचे तीस वर्षांचे ग्राहक. जमीन औद्योगिक वसाहतीत गेल्यावर मोबदल्याच्या पैशातून त्यांनी प्रथम आमची सारी बाकी फेडली होती. एके दिवशी ते मुलाला घेऊन आले. मुलाला पहारेकऱ्याची नोकरी लागली होती. गणवेशासाठी खाकी कापड हवे होते आणि पैसे पहिल्या पगारावर देणार होते. मी नियम सांगितला. त्यांनी ताग्यावरचा हात काढून घेतला, "बरं, शेठ," म्हणाले आणि पायऱ्या उतरून गेले. वडिलांना 'शेठ' म्हणणारे ते मला तोवर नावाने हाक मारीत.

सायंकाळी वडिलांना हे कळले. ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी खाकी कापड घेऊन ते स्वतः अंबडला गेले आणि तसेच परत आले. त्यांनी कापड दुसरीकडून घेतले होते.

सप्टेंबर २०२५ मध्ये मिग-२१ विमाने सेवेतून निवृत्त झाली. ती बातमी वाचून मी जुनी वही काढली. त्यांच्या खात्याखाली वडिलांच्या अक्षरात 'चुकते' असा शेरा आहे. पुढचे पान कोरे आहे.