विजेची गाडी आणि शेगडीचा शेक

(यंदाच्या गणेशोत्सवात दुसऱ्या दिवशी संध्याकाळी झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



समितीने मला ‘विजेवर चालणाऱ्या गाड्या’ असा विषय दिला होता. आरतीच्या आधीच्या वेळात तो मावणार नाही, म्हणून त्यातला एकच कोपरा निवडला आहे. कडाक्याच्या थंडीत अशा गाडीत बसलेल्या माणसाला ऊब कशी द्यायची? तंजावरात हा प्रश्न विचारणारा माणूस वेडा ठरेल. पण आपल्यातल्या बऱ्याच घरांतली मुले आज कॅनडा, जर्मनी, स्वीडनकडे आहेत आणि वर्षा-दोन वर्षांनी आपल्यालाही तिकडे बोलावतात.

आधी मनाने आपल्या मोठ्या देवळात चला. उन्हाळ्यात सूर्य मावळल्यावर प्रांगणात वारा सुटतो, पण दगडी भिंतीजवळून गेलो की गालाला झळ लागते. हवा निवलेली असते, दगड मात्र दिवसभराची उष्णता आपल्याकडे फेकत असतो. शास्त्रात याला प्रारण म्हणतात. आपल्या आज्यांचा शब्द मला जास्त आवडतो, शेक. बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी ठेवत, ती खोली तापवण्यासाठी नव्हे, बाळंतिणीला शेक मिळावा म्हणून.

आता गाडीकडे येऊ. पेट्रोलच्या गाडीत इंधनातली बरीचशी शक्ती उष्णता होऊन वाया जाते आणि हिवाळ्यात तीच आपल्याला फुकट ऊब देते. विजेच्या गाडीत अशी वाया जाणारी उष्णता फारच थोडी असते. त्यामुळे उबेसाठी बॅटरीच खर्च करावी लागते. साधा हीटर सुरुवातीला चार-पाच किलोवॉटसुद्धा ओढतो. अमेरिकेतल्या ट्रिपल-ए या मोटारचालकांच्या संस्थेने २०१९ मध्ये केलेल्या चाचण्यांत उणे ७ अंशांत हीटर लावल्यावर गाडीचा पल्ला सरासरी ४१ टक्के घटला. हीटर बंद असताना घट १२ टक्के होती.

गंमत अशी, की गाडीतली हवा असते जेमतेम तीन-चार किलो. ती एकदा तापवायला वीज फार लागत नाही. पण आपल्या श्वासातल्या बाष्पाने काचा धुरकटतात, म्हणून बाहेरची कोरडी हवा सतत आत घ्यावी लागते. ती तापवायची आणि बाहेर सोडून द्यायची. शिवाय काचांतून उष्णता जाते ती वेगळीच. फुटक्या घागरीत पाणी भरावे तसा हा प्रकार आहे.

म्हणून अभियंते पुन्हा शेगडीकडे वळले. टोयोटाच्या २०२२ साली आलेल्या बीझेडफोरएक्स या गाडीच्या काही प्रकारांत पुढे बसणाऱ्याच्या पायांना शेक देणारे पॅनेल आले. ह्युंदाईने ऑगस्ट २०२४ मध्ये सोलला ११० अंशांपर्यंत तापणारी पातळ फिल्म दाखवली. आपल्या चेन्नईजवळ कारखाना आहे, तीच ह्युंदाई. तीन मिनिटांत ऊब आणि विजेत १७ टक्क्यांहून जास्त बचत, असा कंपनीचा दावा आहे. ११० अंशांच्या काळ्या पृष्ठभागातून दर चौरस मीटरला किलोवॉटभर उष्णता बाहेर पडते, म्हणजे भर दुपारच्या उन्हाइतकी. वहीच्या पानाएवढ्या तुकड्यातून साठ-सत्तर वॉट मिळतात. पायांना तेवढा शेक मिळाला, की आतली हवा दोन-चार अंश गार असली तरी चालते.

पण शेकोटीचा दोष यातही आहे. पोट भाजते, पाठ गारठते. समोरच्या काचेवरचे धुके घालवायला गरम हवा लागतेच. आणि मला खटकते ते हे, की पॅनेले बहुधा पुढच्या माणसांसाठी असतात. घरातली म्हातारी माणसे बसतात मागे!

इथे घरचे सांगतो. माझी अक्का दोन वर्षांपूर्वी मुलाकडे कॅनडाला गेली होती. तिला पंचवीस वर्षांचा मधुमेह, पायांची संवेदना कमी झालेली. लांबच्या प्रवासात चार्जिंग पुरावे म्हणून मुलाने हवेचा हीटर बंद केला आणि आईची सीट पूर्ण गरम करून दिली. भाचा मायेचाच, त्याला काय ठाऊक! तीन-साडेतीन तासांनी घरी उतरली तेव्हा मांडीमागे दोन मोठे फोड. तिला काहीच जाणवले नव्हते. जखम भरायला सात आठवडे लागले.

कारण साधे आहे. ४४ अंश म्हणजे कढत पाणीसुद्धा नव्हे, पण त्वचेला सहा तास चिकटून राहिले तर तेवढ्यानेही भाजते, हे १९४७ साली मोरिट्झ आणि हेन्रिकेस यांनी दाखवून दिले. तापमान थोडे चढले, की हा वेळ झपाट्याने कमी होतो. निरोगी माणूस चटका लागला की सरकतो. संवेदना गेलेला माणूस सरकत नाही. काश्मिरात फिरनच्या आत कांगडी धरणाऱ्यांच्या पोटावर, मांड्यांवर वर्षानुवर्षांच्या शेकाने होणारा कर्करोग डॉक्टरांनी एकोणिसाव्या शतकातच नोंदवला होता.

दुरून शेक देणारे पॅनेल अंगाला चिकटत नाही. ह्युंदाईच्या फिल्ममध्ये स्पर्श होताच तापमान उतरवण्याची सोय आहे. मधुमेही माणसासाठी सीटपेक्षा मी ते पसंत करीन, पण गुडघा टेकणार नाही इतके अंतर हवेच. भाच्याने नवी गाडी घेण्याआधी फोन केला, “मामा, काय बघू?” मी म्हटले, मागच्या सीटवर स्वतः तासभर बस. आईच्या सीटचा हीटर पाच-दहा मिनिटांनी बंद कर, अधूनमधून सीटवर हात ठेवून बघ. निघण्यापूर्वी गाडी चार्जरला लावलेली असतानाच तापवून घे, म्हणजे बॅटरी वाचेल. आणि हवेचा हीटर थोडा चालू ठेव. चार्जिंगला वीस मिनिटे जास्त थांबलास तर काही बिघडत नाही.

आपल्याकडे हेच गणित उलटे होते. अग्निनक्षत्रात उन्हात उभ्या केलेल्या गाडीचा डॅशबोर्ड म्हणजे कोणी न मागितलेली शेगडी. एसी गार हवा फेकतो तरी चेहरा भाजत राहतो, तो या शेकानेच. काचेला आतून पडदा लावा, शक्य तर झाडाखाली उभी करा.

अक्का आज पहिल्या रांगेत बसली आहे. तिची गोष्ट तिला विचारूनच सांगितली. प्रश्न असतील तर विचारा, आरतीला अजून पंधरा मिनिटे आहेत.