चौकचा डोंगर आणि आकाशांतील डोळा

मुंबईहून पुण्यास जाणाऱ्या जुन्या हमरस्त्यावर, खालापूर तालुक्यांत, चौक हें गांव लागतें. जवळच इर्शाळगडाचा सुळका उभा आहे. त्याच्या कुशींत ठाकरांची वाडी होती, इर्शाळवाडी. १९ जुलै २०२३ च्या रात्रीं तिच्यावर दरड कोसळली. २७ मृतदेह हातीं लागले. ५७ माणसें सांपडलींच नाहींत. वाटेनें यंत्रें चढेनात, खराब हवेमुळें हेलिकॉप्टर उडेना. कुदळीफावड्यांनींच खणावें लागलें.

त्याच्या पांचच दिवस आधीं, १४ जुलैस, श्रीहरिकोट्याहून चांद्रयान-३ निघालें होतें. चंद्रावर यान धाडणाऱ्या देशाला चौकचा डोंगर कां दिसूं नये, हा प्रश्न संतापाचा म्हणून सोडून देण्याजोगा नाहीं.

पाऊस उपग्रहाला दिसतो, पण ढगाच्या माथ्यावरून. इन्सॅट-३डीआर सुमारें ३६,००० किलोमीटर उंचीवरून भारताकडे अखंड पाहतो. ढगाचा माथा जितका थंड, तितका ढग उंच व पाऊस मोठा, असा हिशेब असतो. सह्याद्रीवर मात्र हा हिशेब पुष्कळदां चुकतो. घाटमाथ्याला अडून चढणारे बुटके, उबदार ढगही बदाबदा कोसळतात. शिवाय उष्णतेच्या किरणांनीं टिपलेल्या त्या चित्रांतील एक ठिपका चार किलोमीटर लांबरुंद असतो. सगळी इर्शाळवाडी त्यांत कोठल्या कोठें हरवते! त्या ठिकाणीं १७ ते १९ जुलै ह्या तीन दिवसांत ४९९ मिलिमीटर पाऊस झाल्याचें सरकारनें विधिमंडळांत सांगितलें.

आकाशांत यंत्राऐवजीं मनुष्य असता तर? राकेश शर्मा यांनीं १९८४ सालीं सॅल्यूट-७ वरून भारतभूमीचीं छायाचित्रें घेतलीं. २०२५ च्या जूनमध्यें शुभांशु शुक्ला सुमारें ४०० किलोमीटर उंचीवरील आंतरराष्ट्रीय स्थानकांत पोहोंचले. पण आषाढांतल्या कोंकणावर त्या उंचीवरून पाहणाऱ्याला ढगांची गोधडीच दिसावयाची.

दरडप्रवण गांवांच्या यादींत ह्या वाडीचें नांव नव्हतें. त्याच वर्षीं हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्रानें उपग्रहचित्रांवरून देशांतील सुमारें ८०,००० दरडींची नोंद प्रसिद्ध केली होती. परंतु ती नोंद पडून गेलेल्या दरडींची. जी पडलीच नाहीं, तिचा व्रण कोठून दिसणार?

रडारच्या लहरी मात्र ढगांतून आरपार जातात, आणि एकाच डोंगराच्या दोन वेळच्या नोंदी ताडून पाहिल्या तर जमीन किती सरकली तें कळतें. आंखूड लहरी पावसाळी रानांत अडकतात. म्हणून ३० जुलै २०२५ रोजीं सोडलेल्या निसार उपग्रहांत २४ सेंटिमीटरांच्या लांब लहरीही योजिल्या आहेत. हळूहळू खचणारा उतार त्यांतून आगाऊ ओळखूं येण्याची आशा आहे.

मात्र निसार त्याच वाटेवर परत येतो तो बारा दिवसांनीं. आणि त्या वाडीचा घात तीन दिवसांच्या पावसानें झाला. तेवढ्या अवधींत डोंगराच्या अंगावरच पर्जन्यमापक हवा, सकाळसंध्याकाळ तो वाचणारा कोणी हवा, आणि अमुक आंकडा ओलांडतांच रात्रीं-अपरात्रीं वाडी खालीं आणण्यास पायथ्याशीं पक्का निवारा हवा. हें काम चंद्रयात्रेहून स्वस्त आहे. त्याचें कौतुक होत नाहीं इतकेंच.