नव्या चित्रपटाला गावाचा मांडव

(निफाड येथे शिक्षक व पंचायत सदस्यांपुढे केलेल्या भाषणाचा सारांश)



भारतीय चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके आपल्याच जिल्ह्यातले. १८७० साली त्र्यंबकेश्वरी जन्मलेले. भांडवल उभे करण्यासाठी त्यांनी प्रथम कुंडीतील वाटाण्याचा अंकुर दिवसेंदिवस थोडाथोडा चित्रित केला. 'अंकुराची वाढ' हा तो लघुपट दाखविल्यावर कर्ज मिळाले, आणि १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला.

स्वतंत्र वाटेने जाणाऱ्या दिग्दर्शकाची अडचण आजही तीच आहे. भाऊराव कऱ्हाडे यांनी मेंढपाळांच्या जीवनावरील 'ख्वाडा'साठी शेतजमीन विकली. रोहन कानवडे यांच्या 'साबर बोंडं' या चित्रपटाला २०२५ मध्ये अमेरिकेतील सनडान्स महोत्सवात परीक्षक मंडळाचे सर्वोच्च पारितोषिक लाभले. अशा चित्रपटांतले गाव आपले, भाषा आपली. मात्र ते गावातच पाहावयास मिळणे दुर्मिळ, ही खंत आहे.

महोत्सव म्हणजे केवळ रोषणाई नव्हे. नवा दिग्दर्शक आणि प्रेक्षक यांची तेथे समोरासमोर भेट होते. पुण्यात हे कार्य २००२ पासून चालू आहे. तालुक्याच्या गावी त्यासाठी शाळेचे सभागृह, एक पडदा, निर्मात्याची रीतसर परवानगी आणि चित्रपटानंतर तासभर मोकळी चर्चा एवढे पुरेसे आहे. शिक्षकांनी चर्चा चालवावी, पंचायतीने व्यवस्था पाहावी.

मांडवाशिवाय द्राक्षवेल उभी राहत नाही, हे निफाडकरांना सांगावयास नको. नव्या कलावंताला असा मांडव आपण द्यावा, एवढीच विनंती.