बक्षिसानंतर काय?



आज बक्षिसे मिळविलेल्या मुलामुलींचे मी मनःपूर्वक अभिनंदन करतो. परंतु बक्षीस म्हणजे मुक्काम नव्हे. 1874 साली बद्रुद्दीन तय्यबजी आदी धुरीणांनी मुंबईत अंजुमन-ए-इस्लामची स्थापना केली. त्याच अंजुमनच्या शाळेकडून खेळताना वसीम जाफर यांनी नाबाद 400 धावा काढल्या. तेवढ्यावर ते थांबले नाहीत. पुढे रणजी स्पर्धेत 12,000 धावांचा टप्पा गाठणारे ते पहिले फलंदाज ठरले.

पालकहो, दहावी होताच मुलाला आखाताची वाट दाखवू नका आणि मुलीची गुणपत्रिका पेटीत ठेवून तिच्या लग्नाची घाई करू नका.

माजी विद्यार्थ्यांनो, देणगीची पावती फाडली म्हणजे शाळेचे ऋण फिटले असे नाही. अकरावीचा प्रवेश, शिष्यवृत्तीचा अर्ज, वसतिगृहाची सोय याविषयी सांगणारे अनेक घरांत कोणीच नसते. तुम्ही त्या वाटेने गेलेले आहात. प्रत्येकाने एका विद्यार्थ्याचा हात पदवीपर्यंत धरावा, एवढीच माझी विनंती आहे.

अल्लाहतआला आपल्या प्रयत्नांना यश देवो. आमीन!